भर दुपारी हलणारा सूर्य

"पाहिलंत, की ऐकलंत?"

कोणी काहीही सांगायला गेले की मुन्सफसाहेब आधी हे विचारीत. खाडीला मोठी भरती आली म्हणा, बाजारात आंबा उतरला म्हणा, कोणाकडे मुलगा झाला म्हणा. उजव्या हाताचे बोट आधी डोळ्याला लावायचे, मग कानाला, आणि मान किंचित कलती करून उत्तराची वाट पाहायची. "ऐकलं" असे उत्तर आले की ते सुपारीचे खांड तोंडात टाकीत आणि विषय तिथेच मिटे. आमच्या आळीत एक गृहस्थ मुलगा झाल्याचे पेढे घेऊन गेले, त्यांनाही सुटका नव्हती. ते बिचारे म्हणाले, "सुईण बाहेर येऊन सांगून गेली." मुन्सफसाहेबांनी पेढा हातातच ठेवला. "मग जरा थांबू या," म्हणाले.

मी तेव्हा ठाण्याच्या शाळेत गणित शिकवीत असे आणि तळ्याच्या मागच्या अंगाला राहत असे. शेजारचे कौलारू घर बरेच दिवस रिकामे होते. एका पावसाळ्यानंतर देशावरच्या कोर्टातून पेन्शन घेतलेले हे मुन्सफ तिथे राहायला आले. बरोबर थोरली विधवा बहीण आणि लोखंडी पट्ट्या मारलेल्या पेट्या. ना इथे कोणी सोयरा, ना जमीन, ना खटला. मग हा मनुष्य ठाण्यात का आला? कोणी म्हणे लाच खाताना सापडला, कोणी म्हणे कोणा मोठ्या माणसाविरुद्ध निकाल दिला म्हणून पळाला. तुमच्या शेजारी असा माणूस आला असता तर तुम्हीही खिडकी किलकिली ठेवलीच असती. आम्ही सगळ्यांनी ठेवली होती.

पण संशयाच्या कामात आम्ही त्यांच्यापुढे पोरे होतो. गवळ्याने दूध आणले की पहिला घोट गवळ्याने प्यायचा. कुलूप लावले की ओढून पाहायचे, दहा पावले जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे. हजामत करवून घेताना ते हातात आरसा धरीत. मला वाटे, चेहरा पाहतात. एकदा मागे उभा राहिलो तेव्हा कळले, आरशात ते न्हाव्याचा चेहरा पाहत होते.

या सगळ्यातून एकच माणूस सुटले होते, त्यांच्या बहीण. आळीत सगळे त्यांना आक्का म्हणत. लाल आलवण, वाकलेली पाठ, आणि आवाज मात्र असा की परसातून हाक मारली तर तळ्याच्या पायरीवर ऐकू यावी. आई लहानपणी गेल्यावर यांनीच भावाला वाढवले होते. त्या म्हणतील ते मुन्सफसाहेब मुकाट्याने ऐकत. आक्कांनी "मीठ संपलं" म्हटले तर बरणी उघडून पाहत नसत. त्यांच्या लेखी यापेक्षा मोठा मान नव्हता.

मग ती दुर्बीण आली.

विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनीयरसाहेबाच्या सामानाचा लिलाव होता, तिथून त्यांनी ती घेतली. पितळेची लांब नळी, तिच्याखाली ध्रुवाच्या दिशेने तिरका केलेला जाड दांडा, दांड्यावर एक मोठे दातेरी चाक, आणि त्या चाकाला फिरवणारा मळसूत्री आटे पाडलेला बारीक गज. खाली घड्याळासारखे यंत्र. त्याचे शिशाचे वजन वर चढवून सोडले की ते सावकाश उतरत जाई, गज फिरे, चाक फिरे, आणि आकाशात सूर्य सरकेल तशी दुर्बीण आपली आपण त्याच्यामागे सरके. मुन्सफसाहेबांनी परसात चुन्याचा चौथरा बांधून घेतला आणि त्यावर ती बसवली.

"रात्री तारे बघणार का?" मी विचारले.

"छे. अंधारात कोण काय करतो ते दिसत नाही." ते म्हणाले, "मी सूर्य बघणार."

सूर्याकडे थेट डोळा लावला तर डोळाच जायचा. म्हणून दुर्बिणीच्या मागे एक फळी बांधून तिच्यावर पांढरा कागद लावला होता. कागदावर बशीएवढे सूर्याचे बिंब पडे आणि त्यावर बारीक काळे डाग दिसत. पहिल्या दिवशी डाग दिसले तेव्हा मुन्सफसाहेब कागदाच्या अगदी जवळ वाकले. मग समाधानाने म्हणाले, "मास्तर, मला याची आधीपासून शंका होती."

आळीची खिडकी आता किलकिली नव्हे, सताड उघडी झाली. परसातून खाडीची बाजू दिसते आणि खाडीवर रेल्वेचा पूल. आठ दिवसांत फौजदार दारात. कोणीतरी चहाडी केली होती की पेन्शनर मुन्सफाने पुलाच्या रोखाने तोफ लावली आहे. फौजदाराने दुर्बिणीभोवती दोन फेऱ्या घातल्या, नळीच्या तोंडाशी नाक नेऊन दारूचा वास येतो का पाहिले.

"तोफ आहे हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?" मुन्सफसाहेबांनी विचारले.

"ऐकलं, साहेब."

"कोणाकडून? त्याने पाहिली होती? कोणत्या खिडकीतून? मध्ये शेवग्याचं झाड आहे, त्यातून त्याला काय दिसलं?"

अर्ध्या तासाने फौजदार घाम पुसत बाहेर पडला. मुन्सफसाहेब मात्र खूश होते. "माणूस चांगला आहे," म्हणाले. "वास घेतला. नुसत्या सांगण्यावर गेला नाही." पण चहाडी कोणी केली हे काही निघाले नाही, आणि त्या दिवसापासून आळीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे जरा जपून पाहू लागला. माझ्याकडेही पाहत असावेत.

आता मुद्द्याची गोष्ट. बिंब कागदावर एका जागी स्थिर राहावे म्हणून एवढा खटाटोप. डागांच्या जागा बारकाईने टिपायच्या तर बिंब हलून चालत नाही. सकाळी ते छान राही. पण सूर्य डोक्यावर येऊन कलू लागला की एकाएकी ते कागदावर बोटभर उडी मारी. त्यानंतर पुन्हा शहाण्यासारखे स्थिर. रोज. आणि रोज भर दुपारीच.

यंत्र बिघडले असेल असे तुमच्या-माझ्या मनात आधी येईल. मुन्सफसाहेबांच्या मनात आधी माणूस आला. सुट्टीच्या दिवशी मला बोलावून त्यांनी परसातल्या ओट्यावर बसवले.

"मास्तर, तुम्ही साक्षीला. हात गुडघ्यांवर ठेवा. दिसतील असे."

"माझे हात कशाला?"

"तुमच्यावर शंका नाही. पण तुम्ही गणित शिकवता. वगळायचं तर सगळ्यांनाच रीतीने वगळलं पाहिजे."

मी वगळला गेलो. वारा वगळण्यासाठी भोवती तट्ट्या उभ्या केल्या, तरी उडी आली. पुलावरून गाडी जाताना जमीन हादरते म्हणून असेल, तर गाडी नसतानाही उडी आली. राहिले घरातले. आणि भर दुपारी परसात रोज येणारे घरात एकच माणूस होते. आक्का. त्यांचे पापड तिथे वाळत असत.

तो प्रसंग मी ओट्यावरून डोळ्यांनी पाहिला. आक्का सुपावर वाकल्या होत्या. कागदावर बिंब हलले. मुन्सफसाहेब सावकाश वळले.

"आक्का, नळीला हात लावलास?"

"मी? मी पापड उलटतेय."

"रोज याच वेळी का येतेस?"

"रोज याच वेळी ऊन डोक्यावर येतं म्हणून. दुसरं काय?"

"तू येतेस आणि हे हलतं. वेळ जुळते."

आक्का उभ्या राहिल्या. एवढ्या वाकलेल्या बाईंची पाठ मी तेव्हा सरळ झालेली पाहिली.

"मला ते यंत्र आवडत नाही हे खरं," त्या म्हणाल्या. "पण मी हात लावला असता तर लावला म्हणून तुला सांगितलं असतं. हे तुला माहीत नाही?"

मुन्सफसाहेबांनी पुन्हा कागदाकडे पाहिले. एवढे एक "माहीत आहे" म्हणाले असते तर पुढचे सगळे टळले असते. ते म्हणाले, "यापुढे परसात यायचं झालं तर मला विचारून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का कल्याणला निघून गेल्या. तिथे त्यांच्या दिराचा मुलगा होता. जाताना एक बोचके घेतले. पापड सुपातच राहिले.

त्या दुपारी मी शाळेतून मधल्या सुट्टीत मुद्दाम आलो. परसात आम्ही दोघेच. मुन्सफसाहेब कागदासमोर उभे होते. ऊन डोक्यावर आले, जरासे कलले, आणि बिंबाने उडी मारली.

मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहवले नसते.

तुम्हाला वाटेल, ते तसेच कल्याणला धावले असतील. नाही. त्यांनी कळव्याच्या पांडू गड्याला उभे केले. हा पांडू त्यांच्याकडे पाणी भरी, लाकडे फोडी.

"आक्काने जाताना तुला काही सांगून ठेवलं होतं?"

पांडू गांगरला. "मना? मना कोन काय सांगनार? मी त्या पितलंच्या वाटंलाच जात नाय, सायेब. माजी बायको बोलते, त्यान् भूत हाय."

पांडूलाही दोन दिवस घरी बसवले. उडी चुकली नाही. मग मात्र संशय घ्यायला माणूस उरले नाही. मुन्सफसाहेब जेवेनासे झाले. मी डबा नेई तर तो तसाच परत येई, आणि खरे सांगतो, एकदा माझ्या मनात आले की हे माझ्या डब्यावरही शंका घेत असतील. ते तसे नव्हते. त्यांना घास गिळवत नव्हता.

शेवटी एके दिवशी त्यांनी यंत्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. घड्याळ थांबवले, गुडघ्यांवर बसले, डोळ्याला भिंग लावले आणि एका बोटाने नळी हलकेच ढकलली.

"मास्तर, इकडे या. काय दिसतं?"

नळी हलली. तिच्याबरोबर मोठे चाकही हलले, अगदी किंचित. पण त्याला धरून ठेवणारा गज जागचा हलला नाही. पुन्हा ढकलले, परत आणले. टक. टक.

"गज म्हणतो, मी चाकाला घट्ट धरलंय," मुन्सफसाहेब म्हणाले. "आणि चाक आपलं मोकळं फिरतंय. खोटी साक्ष!"

दोष असा होता. चाकाचे दाते गजाच्या आट्यांमध्ये बसत, पण चपखल नव्हे. मध्ये जाड कागदाएवढी फट होती. सकाळी नळीचा भार एका अंगाला असे, तेव्हा दाते आट्यांच्या एका कडेला टेकून राहत. दुपारी नळी वळून कलली की भार दुसऱ्या अंगाला जाई. त्याबरोबर दाते ती फट ओलांडून पलीकडच्या कडेवर आदळत. आपल्याला कागदावर दिसे ती हीच उडी. ऊन डोक्यावर आल्यामुळे पापड उलटायची वेळ होई आणि त्याच उन्हामागे वळल्यामुळे नळीचा भारही पालटे.

मुन्सफसाहेब तिथेच मातीत बसून राहिले. "तिने कारण सांगितलं होतं," ते म्हणाले. "ऊन डोक्यावर येतं म्हणून. तिने तोंडाने सांगितलं होतं, मास्तर."

फट बुजवण्यात पुढचे काही दिवस गेले. पहिल्यांदा त्यांनी गज चाकाला दाबून आवळला. फट गेली, पण दाते रुतून घड्याळच बंद पडले. पुन्हा जरा सैल केला तर थोडी फट राहिलीच. मी म्हटले, फट राहू दे, पण दाते कायम एकाच कडेला टेकलेले राहतील असे काही करता आले तर? आम्ही तिरक्या दांड्याला सुताची दोरी गुंडाळली आणि तिच्या मोकळ्या टोकाला वजन टांगले, म्हणजे सूर्य कुठेही असो, चाकावर एकाच दिशेची ओढ राहील. आधी मुन्सफसाहेबांचा अडकित्ता टांगून पाहिला. तो हलका पडला. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि तांब्या घेऊन आले. त्यात थोडी थोडी वाळू घालत गेलो. जास्त झाली की घड्याळ कण्हे, कमी झाली की उडी येई. मग एका दुपारी सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला आणि बिंब कागदावर चिकटवल्यासारखे राहिले.

मी आनंदाने ओरडलो. मुन्सफसाहेबांनी पागोटे उचलून डोक्यावर ठेवले. "चला," म्हणाले. "कल्याणला."

आक्का पुतण्याच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. भावाला पाहून त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"तू हात लावला नव्हतास," मुन्सफसाहेब उभ्यानेच म्हणाले. "निकाल चुकला. दोष चाकाच्या दात्यांत होता."

"मी गेले त्या दिवशी हललं होतं का ते?"

"हललं."

"मग त्याच दिवशी का नाही आलास?"

मुन्सफसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी आढ्याकडे पाहिले.

"खात्री करत होतो," ते म्हणाले.

"कसली खात्री? मी घरात नाही, तरी हलतं. आणखी कसली खात्री?" मग आक्कांच्या लक्षात आले. हातातले तांदूळ सुपात पडले. "म्हणजे मी कोणाला तरी सांगून ठेवलं असेन, असं वाटलं तुला."

मुन्सफसाहेबांना खोटे बोलणे शक्यच नव्हते. त्यांनी मान खाली घातली. आत पुतण्याची बायको भांडी विसळत होती, तीही थांबली.

मग मुन्सफसाहेब म्हणाले, "आता सुधारलंय. दोरीला तुझा तांब्या टांगलाय. वाळू भरून."

"माझा तांब्या?" आक्का ताडकन म्हणाल्या. "देवाला पाणी घालायचा तांब्या? त्यात वाळू भरलीस?"

मला हसू आले, ते मी खोकल्यात लपवले. पण आक्का आल्या नाहीत. "माझं इथे बरं चाललंय," एवढेच म्हणाल्या. आम्ही परत निघालो तेव्हा त्यांनी भावाला पाणी विचारले, पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

त्यानंतर मुन्सफसाहेब दर आठवड्याला कल्याणला जाऊ लागले. पडवीच्या कडेला बसत, फारसे बोलत नसत, संध्याकाळी परत येत. आक्का त्यांना ताट वाढत आणि आत जाऊन बसत. कल्याणच्या त्या आळीलाही आता खिडक्या किलकिल्या ठेवायला निमित्त मिळाले. हा म्हातारा कोणावर नजर ठेवायला येतो? काहींनी वाटणीचा तंटा आहे असे ठरवूनही टाकले. मला स्वतःला वाटे, हे पाहायला जातात की आक्का खरेच सुखात आहेत का. नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणारे ते नव्हते.

वर्षभराने त्यांनी ठाण्याचे घर सोडले आणि कल्याणला पुतण्याच्या घरालगतच दोन खोल्या घेतल्या. पितळेची नळी, चाक, गज, सगळे बैलगाडीतून गेले. तांब्या घासूनपुसून आक्कांकडे परत गेला होता. त्याच्या जागी आता लोखंडी वजन होते. बोलणे पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. आक्का मोजके बोलत. काही सांगायचे झाले तर, "विश्वास असला तर ऐक," असे आधी म्हणत. मुन्सफसाहेब मान खाली घालून ऐकत. असेच बरेच दिवस गेले.

मुन्सफसाहेब आता नाहीत. ते गेले तेव्हा मी आजारी होतो, पोचू शकलो नाही. त्यांना शेवटचे पाहिले ते सूर्यग्रहणाच्या दिवशी. मी सकाळीच कल्याणला गेलो होतो. ग्रहण भर दुपारचे होते. मुन्सफसाहेबांनी अंगणात दुर्बीण लावून ठेवली होती. आळीतल्या लोकांनी दारे लावून घेतली होती आणि आमच्याकडे वैऱ्याकडे पाहावे तसे फटीतून पाहत होते. ग्रहणात असले काही उघड्यावर मांडायचे म्हणजे सगळ्या आळीला बाधा, असे कोणीतरी मोठ्याने बोललेही. मुन्सफसाहेबांनी लक्ष दिले नाही.

आक्का स्नान करून आतल्या खोलीत जपाला बसल्या होत्या. दार लोटलेले होते. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"लागलं का रे?"

"लागलं. नखाएवढं."

कागदावर बिंबाची एक कड खरेच कुरतडल्यासारखी दिसू लागली होती. ऊन पिवळसर झाले. पिंपळावरचे कावळे उगाच ओरडायला लागले.

"आता?"

"अर्ध्याच्या वर गेलं." मुन्सफसाहेब दाराजवळ गेले. "आक्का, बाहेर ये. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं कागदावर बघायचं. त्याला दोष नाही."

"मी नाही यायची."

"मग मी सांगतो ते खरं की खोटं, तुला कळणार कसं?"

आत माळ थांबली असावी. 

"तू सांगतोयस ना?" आक्का म्हणाल्या. "मग झालं. मला कशाला बघायला हवं?"

मुन्सफसाहेब दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. मी त्यांना कितीतरी वर्षे पाहत होतो. गवळ्यापुढे, फौजदारापुढे, चाकापुढे, कुठेही त्यांचा चेहरा असा झालेला पाहिला नव्हता. ते परत कागदाशी आले. नाक ओढले, चष्मा पुसला. सूर्य डोक्यावरून केव्हाच पलीकडे गेला होता आणि कोरीएवढे उरलेले बिंब कागदावर जराही हलले नव्हते.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोणी विचारायची वाट न पाहता, दाराकडे तोंड करून. आता कोर बारीक झाली. आता टोके वर वळली. आता एका अंगाने उजेड फुटतोय. मध्ये आक्का "हं" म्हणत. वकिलांना एका शब्दाबद्दल तासभर उभे करणारा हा मनुष्य लहान मुलाला गोष्ट सांगावी तसा सांगत होता, आणि प्रत्येक गोष्ट सांगण्याआधी कागदाकडे एकदा नीट पाहून घेत होता. ऊन हळूहळू पांढरे झाले. समोरच्या घराचे एक दार उघडले.

"सुटलं, आक्का," मुन्सफसाहेब म्हणाले.

आतून मोरीत घागर सरकल्याचा आवाज आला, आणि लगेच अंगावर पाणी ओतून घेतल्याचा.